टॅबमुळे पीसी खपत नाही: दुकान आणि गेमिंग झोन, दोन्हींचं वेगवेगळं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापुरात राजारामपुरीत असेंबल्ड कॉम्प्युटरचं दुकान आणि मागच्या खोलीत सहा सीटचा गेमिंग झोन. पंचवीस-तीस हजारांचा घरगुती पीसी विचारायला आता फारसं कुणी येत नाही, पालक मुलाला सरळ टॅब घेऊन देतात. झोनमध्ये येणारी पोरंही घरी टॅबवर बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) खेळत बसतात. तेव्हा दुकानात पीसीऐवजी टॅब ठेवावेत का, आणि झोनमधली जुनी मशीन काढताना नवे पीसी घ्यावेत की टॅब मांडावेत, असं तुम्ही विचारलंय.

हे दोन धंदे आहेत आणि टॅबचा दोन्हींवरचा परिणाम वेगळा आहे. एकाच तागडीत घातले की उत्तर चुकतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. दुकानात टॅबचा माल भरू नका आणि झोनमध्ये टॅब मांडू नका. पण तीस हजारांचा घरगुती पीसी जुन्या रूपात परत चालेल, अशी वाटही बघू नका. पूर्वी तीन-चार वर्षांनी नवीन मशीन न्यायला येणारा माणूस आता सहा-सात वर्षांनी येतो, आणि येतो तेव्हा वेगळं काम घेऊन येतो. तुमचं दुकान भाड्याचं आहे का, ऑफिसची गिऱ्हाइकं किती, झोनमधली मशीन कुठल्या सालची, हे प्रश्नात नाही. त्यावर काय बदलतं ते त्या-त्या ठिकाणी सांगतो.

जगातला हिशोब असा आहे. लॅपटॉप धरून पीसीची विक्री २०११ साली वर्षाला सुमारे ३६ कोटींवर होती. आयपॅड त्याच्या आदल्या वर्षी, २०१० ला आला. पुढच्या सहा-सात वर्षांत पीसीचा आकडा घसरत २६ कोटींच्या आसपास आला. एवढंच पाहिलं तर टॅबनं पीसी खाल्ला असंच वाटेल. पण टॅबही २०१४ ला सुमारे २३ कोटींपर्यंत जाऊन उतरायला लागला आणि २०१९ ला १५ कोटींच्या आत आला. टॅबनं पीसी खाल्ला असता तर पीसी उतरताना टॅब चढत राहिला असता. इथे २०१४ नंतर दोन्ही बरोबरच उतरले. लोक दोन्ही वस्तू जास्त वर्षं वापरायला लागले, शिवाय मोठ्या पडद्याच्या मोबाइलनं सात इंची टॅबची जागा घेतली. लॉकडाउनमध्ये घरून काम आणि ऑनलाइन शाळा सुरू झाल्यावर २०२१ ला पीसी पुन्हा ३५ कोटींच्या जवळ गेले आणि २०२३ ला परत खाली आले. २०२१ ला घेतलेल्या मशीनचं बदलायचं वर्ष आता जवळ येतंय, हे दुकानदारानं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

टॅबनं खरोखर संपवलं ते नेटबुक. २००७ पासून निघालेले छोटे, दहा इंची, अॅटम प्रोसेसरचे लॅपटॉप आठवत असतील. बघणं, वाचणं, थोडं मेल, एवढ्यासाठीच ते घेतले जायचे आणि ते काम टॅब जास्त चांगलं करतो. तुमचा घरगुती पीसी, म्हणजे ड्युअल कोर प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क, हे त्याच नेटबुकचं टेबलावरचं रूप होतं. त्याच्यासोबत एसएसडीनंही (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घाव घातला. दहा वर्षांपूर्वीच्या आय-५ मशीनमध्ये ५०० जीबीची एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातली की घरच्या कामाला ते आजही पुरतं. म्हणजे नवीन पीसीचं एक गिऱ्हाईक टॅबकडे गेलं आणि दुसरं तुमच्याच टेबलावर अपग्रेड करून परत गेलं.

म्हणून पहिलं काम टॅलीतून (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून) मागच्या २४ महिन्यांची बिलं काढणं. त्यांचे चार ढीग करा: घरगुती आणि अभ्यासाचे पीसी, ऑफिसचे पीसी, डिझाइन किंवा एडिटिंगचे पीसी, गेमिंगचे पीसी. अपग्रेड आणि दुरुस्तीची मजुरी पाचवी, वेगळी काढा. नग मोजू नका, खरेदीची किंमत वजा करून प्रत्येक ढिगात उरलेले पैसे मोजा. टॅबचा मार पहिल्या ढिगावरच दिसेल. दुसरा ढीग घसरला असेल तर त्याला टॅब जबाबदार नाही. तिथे लॅपटॉप आणि मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेली रिफर्बिश्ड मशीन तुमची गिऱ्हाइकं नेतायत. हे ओळखणं महत्त्वाचं, कारण त्यावरचा इलाज टॅब विकणं हा नव्हे.

दुसऱ्या ढिगात सध्या काम आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी वाढीव अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टनं दिली, तीही वर्षभरापुरतीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. आपल्याकडच्या पतसंस्था, गावोगावच्या दूध संस्था, जीएसटी सल्लागार, दवाखाने, शाळांची ऑफिसं यांच्याकडे चौथ्या-सहाव्या पिढीची मशीन ढिगानं आहेत. तिथे टॅलीही चालते आणि मराठी टायपिंगही, त्यामुळे टॅबचा प्रश्नच येत नाही. जुन्या बिलांवरून अशा गिऱ्हाइकांची यादी काढा, प्रत्येक मशीनचा प्रोसेसर लिहा आणि मार्चअखेरच्या आधी जाऊन भेटा. तिसऱ्या ढिगाचं तेच. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव भागात फाउंड्री आणि मशीन शॉपची कॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची, कामं चालतात. ती टॅबवर होत नाहीत आणि त्यांना साधा पीसीही पुरत नाही.

टॅब विकण्याचं म्हणाल तर नुसता नफा कमी म्हणून मी नको म्हणत नाही. डबाबंद वस्तूचा भाव गिऱ्हाईक तुमच्यासमोर मोबाइलवर बघतं, आणि ऑनलाइन सेलच्या दिवशी तो भाव तुमच्या खरेदीच्याही खाली गेलेला असतो. वर्षभरात मॉडेल बदलतं. माल सहा-आठ महिने पडून राहिला तर बॅटरी पार उतरते, आणि पहिल्याच दिवशी चार्ज न होणारा टॅब गिऱ्हाइकाच्या हातात गेला की भांडण तुमच्याशी होतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यात तुमची मजुरी शून्य. रॅम वाढवता येत नाही, एसएसडी बदलता येत नाही, बिघडला की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो. कारागीर असलेल्या दुकानानं स्वतःचं कौशल्य न लागणारी वस्तू विकायला घेऊ नये. दोन-तीन मॉडेल पाठ करून ऑर्डरप्रमाणे मागवून द्या, आणि कव्हर, काच, कीबोर्ड, टाइप-सी हब मात्र दुकानात ठेवा.

तरी टॅबचं गिऱ्हाईक दारात आलं तर त्याला खरं सांगा. आठवीतलं पोर व्हिडिओ बघून अभ्यास करणार असेल तर टॅबच योग्य आहे. किमान ६ जीबी रॅम, १२८ जीबी जागा, वाइडवाइन एल-१ आहे का (नसेल तर काही ॲपमध्ये व्हिडिओ एचडी दिसत नाही) आणि अपडेट किती वर्षं मिळणार, हे बघून घ्यायला सांगा. ४ जीबी आणि ६४ जीबीचा स्वस्त टॅब वर्षाच्या आत अडकायला लागतो. पण त्याच घरात कुणी सरकारी टायपिंगची जीसीसी-टीबीसी परीक्षा देणार असेल, टॅली शिकणार असेल किंवा डिप्लोमाला गेलेलं पोर ऑटोकॅड उघडणार असेल, तर टॅब घेऊन दोन वर्षांत पुन्हा खर्च होतो. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं तर तो दुसरा खर्च करायला तो तुमच्याकडेच येतो.

आता गेमिंग. तुमचा खरा पैसा इथे अडकलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॅबवर बीजीएमआय चांगलं का वाटतं, ते आधी समजून घ्या. आयपॅडचा पडदा ४:३ च्या जवळ असतो, त्यामुळे लांबट मोबाइलपेक्षा वर-खालचं जास्त दिसतं. पोरं त्यालाच आयपॅड व्ह्यू म्हणतात. पडदा मोठा असल्यानं चार-पाच बोटांनी खेळता येतं आणि जायरोनं, म्हणजे टॅब हलवून, नेम धरता येतो. हे फायदे खरे आहेत. पण टॅबला पंखा नसतो. एक टॅब काउंटरवर घेऊन अर्धा तास सलग गेम चालवा आणि फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती चित्रं) पडद्यावर ठेवा. पहिली दहा मिनिटं आकडा ठाम असतो. मग मागची बाजू एका ठिकाणी बोट ठेवून राहवणार नाही इतकी तापते, पडद्याचा उजेड आपोआप कमी होतो आणि ६० चा आकडा ४५-५० मध्ये खाली-वर व्हायला लागतो. चार्जिंगला लावून खेळलं तर हे आणखी लवकर होतं आणि बॅटरीचं आयुष्यही लवकर संपतं. झोनमध्ये टॅब दिवसाचे आठ तास चार्जरलाच राहणार. वर्ष-दीड वर्षात बॅटरी फुगून पडदा उचलला जाण्याची भीती असते.

दुसरी अडचण खात्याची. बीजीएमआय खेळणारा स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या बटणांच्या मांडणीवर आणि स्वतःच्या सेन्सिटिव्हिटीवर खेळतो. तुमच्या टॅबवर लॉगिन करायचं, ओटीपी मागवायचा, मग आठवणीनं लॉगआउट करायचं, एवढं करून तासाला पैसे कोण देईल? त्याच्या खिशात तोच गेम आहे. आणि एका मोबाइल गेमवर सीट उभी करणं किती धोक्याचं, हे आपण पाहिलंय. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. बीजीएमआय जुलै २०२१ ला आलं, जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून गेलं आणि मे २०२३ मध्ये परतलं. त्या दहा महिन्यांत टॅब मांडून बसलेल्यानं काय केलं असतं? पीसीवर एक गेम गेला तर दुसरा घालता येतो. एम्युलेटर (पीसीवर मोबाइलचे ॲप चालवणारं सॉफ्टवेअर) घालून पीसीवर बीजीएमआय चालवायच्या भानगडीतही पडू नका. खातं बंद होतं आणि पोरगं तुमच्या नावानं बोंब मारतं. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम तर २०२५ च्या कायद्यानं बंदच झालेत, झोनमध्ये कुणाला उघडूही देऊ नका.

मोबाइलवाल्यांना हाकलायचंही नाही. कोपऱ्यात एक टेबल, चार खुर्च्या, चार चार्जिंग पॉइंट आणि ५ गिगाहर्ट्झचं वेगळं वायफाय द्या. फोन किंवा टॅब त्यांचा, बसायची सोय आणि चांगला पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) तुमचा, फी किरकोळ. चौघं एकत्र बसून स्क्वाड खेळायला जागा शोधतच असतात. त्यातलेच दोन हळूहळू शेजारच्या सीटवर व्हॅलोरंट या पीसीवरच्या नेमबाजीच्या गेमला बसतात.

पीसी सीटवर पैसे द्यायला पोरगं येतं ते घरी नसलेल्या गोष्टीसाठी: माऊस-कीबोर्ड, १४४ हर्ट्झचा मॉनिटर, जीटीए किंवा ईए एफसीसारखे वजनदार गेम, आणि शेजारी ओरडायला मित्र. ६० हर्ट्झवर नवीन चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर ६.९ मिलिसेकंदांनी. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला हा फरक हाताला कळतो, सांगावा लागत नाही. म्हणून सगळी मशीन बदलायचे पैसे नसतील तर आधी मॉनिटर बदला. जुन्या जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्डावरही व्हॅलोरंट कमी सेटिंगला १४४ च्या वर जातं.

बदलायच्या आधी तीस दिवस वही ठेवा: कुठलं सीट, किती ते किती, कुठला गेम. सरासरी सीट दिवसाला तीन तासही भरत नसेल तर नवीन मशीननं ते भरणार नाही. मग वेळ, भाव, कॉलेजपासूनचं अंतर, यात कुठेतरी गाठ आहे. सीट भरत असेल तर हिशोब असा मांडा. मॉनिटर, खुर्ची धरून सीटला ७०,००० रुपये पडले, ते चार वर्षं आणि वर्षाला ३०० दिवस चाललं, तर दिवसाला सुमारे ५८ रुपये. दिवसाला पाच तास भरलं तर तासाला १२ रुपयांच्या आत. खेळताना एक सीट मॉनिटरसह साधारण पाव युनिट तासाला खातं, त्याला तुमच्या व्यापारी वीजदरानं गुणा. एसी, भाडं आणि इंटरनेट वर धरा. तासाचा भाव या बेरजेच्या दुपटीखाली जात असेल तर ते सीट बदलू नका.

नव्या सीटला मी रायझन ५ ५६००, दोन ८ जीबीच्या डीडीआर-४ ३२०० रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, आरएक्स ६६०० च्या ताकदीचं ८ जीबी कार्ड आणि ५५० वॉटचा ब्रॉन्झ दर्जाचा पॉवर सप्लाय सुचवेन. रॅम आणि एसएसडीचे भाव सध्या फार हलतात, कोटेशन घ्याल त्याच दिवशी ऑर्डर द्या. सहापैकी चार सीट अशी केली आणि दोन सीट जीटीएसारख्या वजनदार गेमसाठी जरा वरच्या कार्डाची ठेवली तरी पुष्कळ झालं.

जुनी मशीन ठेवणार असाल तर एक गोष्ट हमखास अडते. विंडोज ११ वर व्हॅलोरंटचं फसवेगिरी रोखणारं व्हॅनगार्ड सॉफ्टवेअर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतं, नसेल तर व्हॅन ९००१ किंवा ९००३ असा कोड देऊन बंद होतं. पोरं येऊन बसतात आणि गेम उघडत नाही. कारण बहुतेक वेळा विंडोज डिस्कच्या जुन्या एमबीआर पद्धतीनं टाकलेली असते. बॅकअप घ्या, विंडोजमधलंच एमबीआर-टू-जीपीटी साधन आधी तपासणीच्या आणि मग रूपांतराच्या आदेशानं चालवा. मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीनं बूट व्हायची सोय) बंद, एएमडीला एफटीपीएम किंवा इंटेलला पीटीटी चालू आणि शेवटी सिक्युअर बूट चालू, असा क्रम पाळा. रूपांतराआधी सीएसएम बंद केलं तर मशीन बूटच होणार नाही. फार जुनं ग्राफिक कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळा राहतो, कारण त्या कार्डाला यूईएफआय, म्हणजे बूटची नवी पद्धत, समजत नाही. तिथे कार्डच बदलावं लागतं.

इंटरनेटची कटकट गेम डाउनलोडची असते. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबीचा गेम उतरायला सव्वादोन तास लागतात, आणि तेवढा वेळ बाकीच्या पाच सीटचा पिंग वर जातो. २०२३ पासून स्टीममध्ये (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) एका मशीनवरून दुसऱ्यावर लॅनमधून, म्हणजे झोनमधल्या नेटवर्कवरूनच, गेम घ्यायची सोय आहे. रात्री एका सीटवर उतरवा आणि सकाळी बाकीच्यांवर घ्या. गिगाबिट स्विच असेल तर एका सीटला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. जुना १०० चा स्विच मात्र काढून टाका, नाहीतर लॅनमधूनही तेच सव्वादोन तास.

वीज आणि धूळ. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. खेळताना कार्डानं एकदम ओढलं आणि त्याच क्षणी लाइट गेली तर तो ट्रिप होतो. कार्डवाल्या सीटला हजार-अकराशे व्हीएचा लावा. पावसाळ्यात लाइट दिवसातून चार वेळा डोळे मिचकावते, तेव्हा हा खर्च अंगावर येत नाही. न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मीटरनं मोजा, दोन-तीनच्या वर असेल तर आधी वायरमन बोलवा. दर तीन महिन्यांनी कूलरचा पंखा सोडवा. पंखा वरून स्वच्छ दिसतो, पण खाली पत्र्यांच्या तोंडावर राखाडी नमद्यासारखा थर बसलेला असतो. वरून ब्लोअर मारून तो निघत नाही, पंखा काढून ब्रशनंच काढावा लागतो. उन्हाळ्यात गेम अडकतो म्हणून रॅम वाढवायला निघालेल्या कितीतरी मशीनचं दुखणं हा थरच असतो.

शेवटी तुमच्या काउंटरवरचा पालक. त्याला दाखवायला एक मशीन कायम जोडून ठेवा: रायझन ५ ५६००जी, दोन ८ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय, ग्राफिक कार्ड नाही. यावर टॅली, ऑटोकॅड आणि टायपिंग होतं आणि व्हॅलोरंटही कमी सेटिंगला शंभर फ्रेमच्या आसपास चालतं. यात सगळा खेळ रॅमचा आहे. आतल्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. १६ जीबीची एकच पट्टी लावली तर रस्ता अर्धा होतो आणि गेम अडखळतो. स्वस्त पडते म्हणून एक पट्टी घालणारे दुकानदार स्वतःच पीसीचं नाव खराब करतात. पुढच्या वर्षी पोराला कार्ड हवं झालं की पॉवर सप्लाय तयारच आहे. फक्त त्यात आरएक्स ६५०० एक्सटी घालू नका. ते कार्ड प्रोसेसरशी बोलायला चारच लेन (डेटाचे रस्ते) वापरतं आणि ५६००जी पीसीआय ३.० या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीवर अडकतो, त्यामुळे कार्डाचा बराच जोर वाया जातो. आरएक्स ६६०० आठ लेन वापरतं, ते ठीक चालतं.

बिलांचे ढीग आणि तीस दिवसांची सीटची वही झाली की इथेच आकडे टाका, सोबत सहाही मशीनचा प्रोसेसर, कार्ड आणि पॉवर सप्लायचं मॉडेल लिहा. त्यावरून कुठलं सीट आधी बदलायचं आणि कुठलं एसएसडी-मॉनिटरवर अजून दोन वर्षं ओढायचं, ते नेमकं सांगता येईल.